पिकेटची डिव्हिजन मे १८६३ मध्ये विक्सबर्गला पाठवली असती तर?

प्रश्न असा आलाय की अमेरिकन सिव्हिल वॉरमध्ये दक्षिणेच्या कॉन्फेडरेट सरकारने चांगली फौज सगळी पूर्वेला, व्हर्जिनियात, जनरल लीकडे ठेवली आणि पश्चिमेचा मोर्चा उपाशी मारला, म्हणून ते हरले का? आणि मे १८६३ मध्ये लीकडची एक डिव्हिजन, म्हणजे जनरल पिकेटची, जरी मिसिसिपी नदीवरच्या विक्सबर्गला गेली असती तर ती नदी हातातून जायची वाचली असती का?

मी लष्करात चोवीस वर्षं रसद आणि रेल्वे मूव्हमेंटचं काम केलं, पलटणी गाडीत चढवायच्या, उतरवायच्या, मागे राहिलेलं सामान शोधून पुढे धाडायचं, आणि रिटायर झाल्यावर गेली बारा-तेरा वर्षं याच युद्धाचा अभ्यास करतोय. त्यामुळे मी हा प्रश्न स्टेशनच्या फलाटावरून बघतो, आणि तिथून माझं उत्तर असं येतं की मेमध्ये पिकेट जाऊन काहीही झालं नसतं, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन डिव्हिजन गेल्या असत्या तर टेनेसी राज्यात खरंच फरक पडू शकला असता. तीच माणसं, तेच रूळ, फक्त दहा-बारा आठवड्यांचा फरक.

आधी नकाशा डोळ्यासमोर आणा. उत्तरेची राजधानी वॉशिंग्टन आणि दक्षिणेची रिचमंड यांच्यात अंतर जेमतेम शंभर मैल, आणि मधल्या नद्या, रॅपॅहॅनॉक, रॅपिडॅन वगैरे, पश्चिमेकडून पूर्वेला वाहणाऱ्या. म्हणजे उत्तरेकडून येणाऱ्याला प्रत्येक नदी आडवी. लीला त्या नद्यांनी फुकटात अर्धं काम करून दिलं. पश्चिमेला उलटं. टेनेसी, कंबरलँड आणि मिसिसिपी या तिन्ही नद्या म्हणजे उत्तरेच्या गनबोटींना दक्षिणेच्या पोटात नेणारे रस्तेच. ६ फेब्रुवारी १८६२ ला फोर्ट हेन्री पडला, १६ तारखेला फोर्ट डोनेल्सन, बारा हजाराच्या वर माणूस कैद, आणि त्याच महिन्यात नॅशव्हिल गेलं. पश्चिमेतला दक्षिणेचा सेनापती अल्बर्ट सिडनी जॉन्स्टन, त्याच्याकडे अ‍ॅपलेशियन डोंगरांपासून मिसिसिपीच्या पलीकडेपर्यंतची लाईन होती आणि ती धरायला माणसं फार तर पन्नास हजाराच्या आत-बाहेर. इतकी लांब लाईन इतक्या माणसांत कोणीच धरू शकत नाही, तिथे जॉन्स्टन असो नाहीतर ली.

आता लोक म्हणतात की दक्षिणेचा राष्ट्राध्यक्ष डेव्हिस याने पश्चिमेसाठी काही केलंच नाही, ते बरोबर नाही. डोनेल्सननंतर त्याने पेन्साकोला आणि मोबीलहून जनरल ब्रॅगला दहा हजार माणसं घेऊन कॉरिंथला पाठवलं, न्यू ऑर्लिन्सचीही फौज काढून तिकडे दिली आणि ६-७ एप्रिलला शायलोची लढाई झाली. पहिल्या दिवशी जवळपास जिंकत आणली, त्याच दिवशी जॉन्स्टन मारला गेला, दुसऱ्या दिवशी मागे यावं लागलं. आणि किंमत काय? एप्रिल संपायच्या आत न्यू ऑर्लिन्स गेलं, दक्षिणेचं सगळ्यात मोठं शहर आणि कापसाचं सगळ्यात मोठं बंदर. (याच युद्धात दक्षिणेचा कापूस अडकला म्हणून आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला लँकेशायरहून सोन्याचा भाव आला, मुंबईत पैसा वाहिला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपल्यावर तो सगळा शेअर बाजार कोसळला.) म्हणजे गोधडी तोकडी होती, डोक्यावर ओढली की पाय उघडे, आणि हे डेव्हिसला पहिल्याच वर्षात कळलं होतं. पुढे तो एवढा कचरत का होता ते समजायला ही गोष्ट लक्षात ठेवायला लागते.

बरं, रेल्वे. हा माझा विषय आहे म्हणून इथे थोडा रेंगाळतो. पुस्तकात नकाशावर एक काळी रेघ दिसते, रिचमंडपासून मिसिसिपीपर्यंत, आणि वाचणाऱ्याला वाटतं माणसं चढली आणि उतरली. ती एक रेघ नव्हती, कितीतरी लहान कंपन्यांचे तुकडे होते. कुठे पाच फुटांचा गेज, कुठे चार फूट साडेआठ इंचांचा, गेज बदलला की सगळं खाली उतरवा, दुसऱ्या गाडीत भरा. ज्यांनी जुनं मिरज जंक्शन बघितलंय, मीटर गेज, नॅरो गेज आणि नंतर ब्रॉड गेज, त्यांना हे सांगायला नको, एका मालाला किती हमाल आणि किती तास लागायचे ते. त्यात काही गावांत एका कंपनीचं स्टेशन या टोकाला आणि दुसऱ्याचं त्या टोकाला, मधून गाड्या जोडणारे रूळच नाहीत, मग बैलगाड्या आणि खेचरं. डॅनव्हिल ते ग्रीन्सबरो हा ४८ मैलांचा तुकडा तर १८६४ पर्यंत नव्हताच. अलाबामात टॉम्बिगबी नदी होडीने ओलांडायची, मोबीलला खाडी बोटीने. इंजिनं झिजलेली, नवे रूळ पाडायला कारखाना नाही, कारण जे लोखंड होतं ते तोफा आणि चिलखती जहाजांना जात होतं.

तरीही जमत नव्हतं असं नाही. जून-जुलै १८६२ मध्ये ब्रॅगने मिसिसिपीतल्या टुपेलोहून आधी एक डिव्हिजन पाठवून बघितली, ती सहा दिवसांत टेनेसीतल्या चॅटनूगाला पोचली, मग त्याने तीस हजाराच्या आसपास पायदळ मोबील, माँटगोमेरी, अटलांटा असं ७७६ मैलांचा वळसा घालून तिकडे नेलं. सरळ रेल्वे होती पण ती उत्तरेने एप्रिलमध्येच हंट्सव्हिलला कापली होती. तोफखाना, घोडदळ आणि वॅगनी जमिनीवरून गेल्या. त्या काळातली ही फार मोठी आणि नीट केलेली हालचाल, मी तिचा मनापासून आदर करतो. पण ती का जमली? एकच कमांडर, स्वतःची फौज, कोणाची परवानगी मागायला न लागता.

आता त्याच्या शेजारी ही दुसरी गोष्ट ठेवा. डिसेंबर १८६२. डेव्हिस स्वतः पश्चिमेला आला आणि टेनेसीतल्या मर्फ्रीझबरोला ब्रॅगची फौज बघून हुकूम दिला की कार्टर स्टीव्हन्सनची डिव्हिजन, जादा ब्रिगेडसकट आठ-दहा हजारांची, विक्सबर्गला तिथल्या जनरल पेम्बर्टनकडे पाठवा. जोसेफ जॉन्स्टन (हा दुसरा जॉन्स्टन), जो नुकताच नोव्हेंबरमध्ये पश्चिमेचा मुख्य झाला होता, त्याने विरोध केला, त्याचं म्हणणं की पेम्बर्टनला माणसं हवीत तर मिसिसिपीच्या पलीकडून अर्कान्सामधून घ्या, ते जवळ आहेत, ब्रॅगकडून घेतलीत तर टेनेसी जाईल. ऐकलं गेलं नाही. डिव्हिजन निघाली, अटलांटा, माँटगोमेरी, मोबील, जॅक्सन (मिसिसिपीची राजधानी) असा वळसा, पूर्ण पोचायला तीन आठवड्यांच्या आसपास लागले. तोपर्यंत काय झालं बघा. २० डिसेंबरला दक्षिणेच्या व्हॅन डॉर्नच्या घोडदळाने हॉली स्प्रिंग्जला उत्तरेचा जनरल ग्रँट याचं कोठार जाळलं, ग्रँट मागे फिरला. २६ ते २९ डिसेंबर ग्रँटच्या हाताखालचा शर्मन विक्सबर्गशेजारी चिकसॉ बायूला आपटला, तिथे स्टीव्हन्सनचा काही भागच वेळेत पोचला होता. आणि २६ डिसेंबरलाच उत्तरेचा दुसरा जनरल रोझक्रान्स नॅशव्हिलहून ब्रॅगवर निघाला, कारण ब्रॅगकडची एक डिव्हिजन आणि बरंचसं घोडदळ बाहेर आहे हे त्याला कळलं होतं. ३१ डिसेंबर ते २ जानेवारी स्टोन्स रिव्हरची लढाई झाली, ब्रॅगची जवळजवळ एक तृतीयांश फौज मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली, आणि तो मागे हटला. स्टीव्हन्सनची डिव्हिजन त्या आठवड्यात गाडीत होती. दोन लढाया, आणि ती दोन्हीकडे पूर्णपणे कामाला आली नाही. मूव्हमेंटवाल्यासाठी यापेक्षा वाईट काही नसतं.

आणि अर्कान्सातून का नाही आली माणसं? इथे खरी कीड आहे. डेव्हिसने देशाचे लष्करी डिपार्टमेंट पाडले होते, प्रत्येकाचा कमांडर थेट रिचमंडला रिपोर्ट करणार. मिसिसिपीच्या पलीकडे जनरल होम्स होता. त्याला दहा हजार माणसं द्या अशी विनंती केली, विनंती, हुकूम नाही, आणि त्याने एकही दिला नाही. त्याआधी नोव्हेंबरमध्ये वॉर सेक्रेटरी रँडॉल्फने होम्सला नदी ओलांडायची मोकळीक दिली होती तर डेव्हिसने ती रद्द केली, मला विचारल्याशिवाय का केलं म्हणून, आणि १५ नोव्हेंबरला रँडॉल्फने राजीनामा दिला. पुढे ११ जानेवारी १८६३ ला अर्कान्सा पोस्टचा किल्ला पडला आणि होम्सची पाच हजाराच्या आसपास माणसं तिथे कैद झाली. राखून ठेवली आणि गमावली. जॉन्स्टनचं पण तेच, नावाला ब्रॅग आणि पेम्बर्टन दोघांच्या वर, पण पेम्बर्टन सरळ रिचमंडशी तारेने बोलायचा. मी नोकरीत एकदा हे भोगलंय. दोन कार्यालयांच्या हद्दीवर एक सायडिंग होतं, माणसं एकाच्या हुकमाने चढली, गाड्या आणि लंगरचं सामान दुसऱ्याच्या कागदाची वाट बघत चार दिवस तिथेच उभं, आणि पलटण पुढे पोचून कोरड्या शिध्यावर बसलेली. शांततेचा काळ होता म्हणून निभावलं.

आता मे १८६३ वर येतो. ग्रँट ३० एप्रिलला ब्रुइन्सबर्गला नदी ओलांडून विक्सबर्गच्या खाली उतरला. नवा वॉर सेक्रेटरी सेडन याने लीला विचारलं, पिकेटची डिव्हिजन द्याल का. ली नुकताच व्हर्जिनियातली चान्सेलर्सव्हिलची लढाई जिंकला होता, साठ हजारातले तेरा हजार गमावून, आणि १० मेला त्याचा जनरल स्टोनवॉल जॅक्सन वारला. लीचं उत्तर असं की हा मग व्हर्जिनिया की मिसिसिपी असा प्रश्न होतो, डिव्हिजन मेअखेरपर्यंत पोचणार नाही, आणि जूनमधलं हवामान ग्रँटला मागे जायला लावेल. हवामानाचं पूर्ण चुकलं. पण वेळेचं? वेळेचा हिशेब त्याचा बरोबर होता, उलट त्याने थोडा उदारपणेच धरला होता. मेच्या मध्यावर रिचमंडमध्ये बैठका झाल्या, मंत्रिमंडळात फक्त पोस्टमास्टर जनरल रेगन, जो टेक्सासचा होता म्हणजे मिसिसिपीच्या पलीकडचा, लीच्या उत्तरेकडच्या चढाईविरुद्ध बोलला. त्याच दिवसांत, १४ मेला, ग्रँटने जॅक्सन शहर घेतलं आणि तिथले रूळ, कारखाने मोडून टाकले. कुमक ज्या जंक्शनवर उतरणार तेच गेलं. १६ मेला चॅम्पियन हिल, १८ पासून विक्सबर्गला वेढा.

पिकेटची सात-आठ हजार माणसं स्टीव्हन्सनच्या वेगाने गेली असती तर १० जूनच्या आसपास पोचली असती, तीही घोडे-वॅगनींशिवाय. तोवर जॉन्स्टनकडे बाहेर तीस हजाराच्या आसपास जमलेच होते आणि त्यांनाच हलवायला वाहनं नव्हती. ग्रँटची फौज मेअखेरच्या पन्नास हजारांवरून जूनअखेर सत्त्याहत्तर हजारांवर गेली, कारण त्याला नदीतून बोटीने माणसं, दारूगोळा, बिस्किटं दारात मिळत होती. १५ जूनला जॉन्स्टनने रिचमंडला तार केली की विक्सबर्ग वाचवणं आता मला अशक्य वाटतं. सात हजारांनी हे बदललं असतं असं मला कोणत्याच हिशेबाने दाखवता येत नाही. शिवाय जॉन्स्टनकडे जे जमले त्यातले बरेच ब्रॅगकडूनच आलेले, ब्रेकिनरिजची डिव्हिजन त्यातलीच, आणि म्हणून २४ जूनला रोझक्रान्स हलला तेव्हा ब्रॅगने दहा दिवसांत मधलं टेनेसी जवळपास न लढता सोडलं. पश्चिमेचं एक भोक बुजवायला पश्चिमेचंच कापड.

मग फेब्रुवारी का म्हणतोय मी. त्या महिन्यात लीने आपला जनरल लाँगस्ट्रीट याला हूड आणि पिकेटच्या दोन डिव्हिजन देऊन रिचमंडच्या दक्षिणेला पाठवलं, पुढे ते सफोकला गेले, आणि मेपर्यंत तिकडेच होते. म्हणजे चान्सेलर्सव्हिल लीने या दोन डिव्हिजनशिवाय जिंकलं! त्या टेनेसीत असत्या तरी लीच्या त्या लढाईत एका माणसाचाही फरक पडला नसता. आणि तेव्हा लिंचबर्ग, ब्रिस्टल, नॉक्सव्हिल, चॅटनूगा ही सरळ रेल्वे अजून दक्षिणेच्या हातात होती, साडेपाचशे मैलांच्या आत. ३० डिसेंबरला उत्तरेच्या घोडदळाने त्या लाईनवरचे होल्स्टन आणि वटॉगा नदीचे पूल जाळले होते म्हणून मी जानेवारी म्हणत नाही. रोझक्रान्स मर्फ्रीझबरोला जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत बसून होता, जवळजवळ सहा महिने. खुद्द लाँगस्ट्रीटच त्या हिवाळ्यात पश्चिमेला फौज पाठवायच्या बाजूने बोलत होता.

याच्याविरुद्ध दोन गोष्टी आहेत आणि त्या लपवून चालणार नाही. एक म्हणजे पोट. लाँगस्ट्रीट सफोकला नुसता बसला नव्हता, तिथल्या आणि उत्तर कॅरोलायनाच्या पूर्व भागातून डुकराचं खारवलेलं मांस आणि मका गाड्या भरभरून काढत होता, लीच्या फौजेला रॅशन कमी पडत होतं. आणि टेनेसीत तरी काय, अटलांट्याच्या कोठारात माल होता पण कमिसरी जनरल, म्हणजे शिधाखात्याचा मुख्य, नॉर्थ्रॉपने तो लीसाठी राखून ठेवलेला, ब्रॅगची फौज ज्या मुलखात उभी त्याच मुलखाचं धान्य व्हर्जिनियाला जायचं. पूर्व-पश्चिम वाटपावर बोलताना लोक माणसं मोजतात, मला या पोत्यांचा हिशेब जास्त महत्त्वाचा वाटतो, पश्चिमेवर सगळ्यात मोठा अन्याय झाला असेल तर तो इथे. दुसरं म्हणजे ब्रॅग. स्टोन्स रिव्हरनंतर त्याने आपल्या जनरलांना पत्र लिहून विचारलं आणि त्यांनी कळवलं की फौजेचा तुमच्यावर विश्वास नाही. डेव्हिसने जॉन्स्टनला चौकशीला पाठवलं, जॉन्स्टनने ब्रॅगची जागा घेतली नाही. अशा हातात पंधरा हजार ताजी माणसं देणं ही जोखीमच. तरी मी ती घेतली असती.

बरेच जण विचारतात की मग थोडा मुलूख सोडून एका ठिकाणी फौज गोळा का नाही केली. कारण ते राज्य गुलामगिरी टिकवायला उभं राहिलं होतं. उत्तरेची फौज जिथे पोचायची तिथले गुलाम मळे सोडून तिच्याकडे जायचे, मुलूख परत घेतला तरी ती माणसं परत येत नव्हती, आणि येणारही का. १ जानेवारी १८६३ च्या मुक्तीच्या जाहीरनाम्यानंतर तर त्यातलेच पुरुष उत्तरेच्या गणवेशात उभे राहिले, ७ जूनला विक्सबर्गच्या वर मिलिकेन्स बेंडला काळ्या पलटणींनी कॉन्फेडरेट हल्ला परतवला, आणि युद्ध संपेपर्यंत उत्तरेच्या सैन्यात असे सुमारे एक लाख ऐंशी हजार झाले. म्हणजे पश्चिमेतला प्रत्येक गेलेला जिल्हा दक्षिणेच्या खात्यातून वजा होऊन उत्तरेच्या खात्यात जमा होत होता. म्हणून प्रत्येक गव्हर्नर ओरडायचा माझा किनारा, माझी सीमा, आणि डेव्हिस सगळीकडे थोडं थोडं ठेवत राहिला.

शेवटी सप्टेंबर १८६३ मध्ये ली तयार झाला आणि लाँगस्ट्रीट निघाला, हूड आणि मॅक्लॉजच्या डिव्हिजन घेऊन. ९ तारखेला सुरुवात. पण नॉक्सव्हिल ३ सप्टेंबरच्या सुमाराला गेलं होतं, सरळ लाईन बंद, चार-पाच दिवसांच्या जागी कॅरोलायना, ऑगस्टा, अटलांटा असा नऊशे मैलांच्या वरचा वळसा. १९-२० सप्टेंबरला चिकामॉगाची लढाई झाली तेव्हा पाच ब्रिगेड पोचल्या होत्या, तोफखाना लढाई संपल्यावर पोचला. तरी त्या पाच ब्रिगेड धरून लाँगस्ट्रीटच्या हल्ल्याने दुसऱ्या दिवशी रोझक्रान्सची फळी फोडली, पश्चिमेतला दक्षिणेचा सगळ्यात मोठा विजय. लगेच उत्तरेने दोन कोर, वीस हजाराच्या वर माणसं, तोफा-घोड्यांसकट बाराशे मैल रेल्वेने जवळपास बारा दिवसांत आणली. हे वाचताना मला दर वेळी दोन्हीकडचे स्टेशनमास्तर डोळ्यासमोर येतात.

तेव्हा लीने स्वार्थीपणे पश्चिम बुडवली असं मी म्हणणार नाही, तो आपल्या फौजेपुरतं बघत होता आणि ते त्याचं काम होतं, सगळ्या मोर्चांचं एकत्र बघायचं काम डेव्हिसचं होतं. डेव्हिस पण चुकीचा निर्णय घेत होता यापेक्षा निर्णय उशिरा घेत होता. स्टीव्हन्सनच्या लोकांचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. टेनेसीतून काढून नेलेली ती डिव्हिजन चॅम्पियन हिलला सगळ्यात जास्त मार खाऊन विक्सबर्गात परतली, ४ जुलैला साडेएकोणतीस हजारांबरोबर शरण गेली, पॅरोलवर (बदली होईपर्यंत लढणार नाही या वचनावर) सुटली, पुन्हा उभी केली, आणि नोव्हेंबर १८६३ मध्ये चॅटनूगाला लुकआउट माउंटनवर परत ब्रॅगच्याच हाताखाली होती, जिथून अकरा महिन्यांपूर्वी गाडीत चढली होती त्याच फौजेत.